एस्पोझितो

एस्पोझितो : इटलीतील एक आडनाव. नेपल्स शहरात व त्याच्या भोवतालच्या काम्पान्या प्रदेशात ते सर्वाधिक प्रचलित असून, संपूर्ण इटलीचा विचार करता रोस्सी, रूस्सो, फेर्रारी या सर्वांत मोठ्या आडनावांच्या पंक्तीत त्याचे स्थान आहे. रोस्सी व रूस्सो ही आडनावे तांबूस केसांच्या अथवा वर्णाच्या कोण्या पूर्वजावरून, तर फेर्रारी हे लोहाराच्या व्यवसायावरून आले आहे. एस्पोझितो हे आडनाव मात्र पूर्वजाविषयी काहीच सांगत नाही. पूर्वज ज्ञात नाही, एवढीच त्यात नोंद आहे. जन्मल्याबरोबर सोडून दिलेल्या व धर्मसंस्थेच्या आश्रयाने वाढलेल्या अर्भकांना हे नाव देण्यात येई. एखाद्या समाजातील एक मोठी सामाजिक घटना त्याच्या आडनावांत कशी गोठून राहते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये ‘एक्सपोनेरे’ म्हणजे बाहेर मांडणे अथवा उघड्यावर ठेवणे. या क्रियापदाचे ‘एक्सपोसितुस’ हे कर्मणी धातुसाधित असून त्यापासून एस्पोझितो हे रूप आले आहे. प्राचीन रोममध्ये नवजात मुलाला कुटुंबात स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाकडे असे. नाकारलेले मूल घराबाहेर, मंदिरापाशी किंवा बाजारात ठेवून देत. कोणी उचलले तर ते जगे, परंतु बहुधा दास म्हणून. या कृतीला जो शब्द होता तोच पुढे त्या मुलाचा वाचक ठरला. आजच्या प्रमाण इटालियन भाषेत याच धातुसाधिताचे रूप ‘एस्पोस्तो’ असे आहे. आडनावात मात्र लॅटिनला जवळचे, जुन्या वळणाचे रूप टिकले. लोकांच्या तोंडी आपोआप रुळलेले हे नाव नसून लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकाच्या नोंदवहीतून ते बाहेर पडले असावे, असे त्यावरून वाटते. मूळ उच्चारात आघात ‘पो’ या अक्षरावर असतो. अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत तो पुष्कळदा पुढील अक्षरावर सरकलेला आढळतो.

सोडलेल्या अर्भकांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान काढण्याची प्रथा इटलीत फार जुनी आहे. मिलान येथील दातेउस या धर्माधिकाऱ्याने इ. स. ७८७ मध्ये स्थापिलेले अर्भकालय यूरोपातील अशा प्रकारचे पहिले मानले जाते. टायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यांत मृत अर्भके सापडू लागल्यामुळे व्यथित झालेल्या पोप तिसऱ्या इनोसंटने रोमच्या सांतो स्पिरितो रुग्णालयात अशा मुलांची सोय केली, अशी एक आख्यायिका आहे. नेपल्समध्ये चौदाव्या शतकाच्या प्रारंभी सांता कासा देल्ल आन्नुन्त्सिआता (शुभवार्तेचे पवित्र गृह) ही संस्था उभी राहिली. मंदिर, रुग्णालय, अर्भकालय व मुलींचे वसतिगृह असा तिचा विस्तृत पसारा होता. तिचे चर्च १७५७ मध्ये आगीत भस्मसात झाल्यावर लुईजी वानवितेल्ली या प्रख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार नव्याने बांधण्यात आले. एस्पोझितो या आडनावाचा इतिहास हा बव्हंशी या एका संस्थेचाच इतिहास आहे.

संस्थेच्या रस्त्याकडील भिंतीत एक चौकोनी झरोका होता व त्याच्या आत उभ्या कण्यावर फिरणारा लाकडी पोकळ नळकांड्यासारखा साचा बसविलेला होता. त्याला ‘रुओता’ म्हणजे चाक अथवा चक्र म्हणत. मूल आणणारी व्यक्ती ते नळकांड्याच्या उघड्या बाजूत ठेवी, चक्र फिरवी व घंटा वाजवून निघून जाई. आत रात्रंदिवस बसलेली परिचारिका मूल उचलून घेई. बाहेरच्या व्यक्तीचा चेहरा आतल्याला दिसू नये आणि आतल्याचा बाहेरच्याला दिसू नये, हा या रचनेचा सर्व हेतू. त्यानंतर मुलाला धुऊन त्याची नोंद होई. मूल किती वाजता आले, वय किती दिवसांचे दिसते, अंगावर कोणते कपडे आहेत, शरीरावर एखादी खूण आहे काय, सोबत चिठ्ठी आहे काय, हे सर्व लिहून ठेवण्यात येई. मग बाप्तिस्मा होऊन त्याला एक नाव मिळे आणि गळ्यात दोऱ्याला ओवलेली, पवित्र मातेचे चिन्ह असलेली शिशाची छोटी मुद्रा अडकविली जाई. मूल दाईकडे असताना त्याची अदलाबदल होऊ नये, हा त्यामागील व्यावहारिक उद्देश होता. सतराव्या शतकापासूनच्या या नोंदवह्या नेपल्समध्ये जतन केलेल्या आहेत. अशा हजारो नोंदींत बाप्तिस्म्याच्या नावापुढे एकच शब्द पुनःपुन्हा येतो.

चिठ्ठ्यांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. काही मुलांच्या कपड्यांत दुभंगलेले नाणे, अर्धे कापलेले पदक, फाडलेले धार्मिक चित्र किंवा फितीचा तुकडा खोचलेला असे. दुसरा अर्धा भाग आईबापांजवळ राही व पुढेमागे परिस्थिती पालटली तर तो जुळवून मूल ओळखता येईल अशी त्यांची कल्पना असे. फ्लॉरेन्स व मिलान येथील संस्थांच्या संग्रहांत अशा खुणा मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी बहुसंख्यांचा दुसरा अर्धा भाग कधी आलाच नाही.

सोडलेली मुले सर्वस्वी अनौरस असत, हा समज बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिलान शहरात जन्मणाऱ्या मुलांपैकी सु. एक तृतीयांश मुले अर्भकालयात जात होती व त्यांत विवाहित जोडप्यांची मुलेच अधिक होती. गिरणीत किंवा घरकामात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला तान्हे मूल सांभाळणे अशक्य होई; काही वर्षांनी, मूल हाताशी आले म्हणजे, ते परत नेण्याचा त्यांचा विचार असे. दक्षिणेत मात्र अविवाहित मातांच्या मुलांचे प्रमाण मोठे होते. या मातांनी मूल स्वेच्छेने सोडले असे सरसकट म्हणता येत नाही. डेव्हिड कर्टझर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे साधार दाखविले आहे, की अविवाहित स्त्रीच्या गरोदरपणावर धर्मगुरू, सुईण व स्थानिक अधिकारी यांची नजर असे आणि प्रसूतीनंतर मूल अर्भकालयात पोहोचविण्याची तिच्यावर सक्ती होई. काही ठिकाणी तर स्वतःचे मूल सोडावयास लागलेल्या आईला त्याच संस्थेत दुसऱ्यांच्या मुलांची दूधआई म्हणून राहणे भाग पडे. चक्र मातेची लाज राखते, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते; पण प्रत्यक्षात ते कुटुंबाच्या प्रतिष्ठेचे व पित्याच्या बेजबाबदारीचे रक्षण अधिक करी.

प्रसार व आढळ : येथे एक प्रश्न उभा राहतो. अर्भकालयांतील मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. एका दाईकडे अनेक मुले, दुधाचा तुटवडा आणि संसर्ग यांमुळे संस्थेतच राहिलेली अर्भके फार थोडी वाचत. १८९० नंतरच्या दशकात आन्नुन्त्सिआतामधील परिस्थितीची चौकशी झाली तेव्हा आत ठेवलेली जवळजवळ सर्व अर्भके दगावल्याचे उघडकीस आले व इटलीभर खळबळ उडाली. मग ज्या नावाचे धारक बहुसंख्येने बालवयातच मरण पावत, ते नाव एवढे पसरले कसे?

याची कारणे बरीचशी त्या संस्थेच्या कार्यपद्धतीत सापडतात. पहिले कारण संख्येचे. नेपल्स ही एका मोठ्या राज्याची राजधानी असून अठराव्या शतकात लंडन व पॅरिस यांच्या खालोखाल यूरोपातील ते मोठे शहर होते. शहरातील मुलांखेरीज दूरदूरच्या परगण्यांतूनही भाडोत्री माणसे मुले आणून चक्रात टाकीत. प्रवासात अनेक मुले वाटेतच मरत. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षाला सु. दोन हजार अर्भके येथे दाखल होत होती. शतकानुशतके चाललेल्या या ओघातून वाचणाऱ्यांचे प्रमाण अल्प असले, तरी त्यांची एकूण संख्या मोठी भरते.

दुसरे कारण असे, की जी मुले जगत ती प्रायः शहराबाहेर वाढलेली असत. संस्था शक्यतो प्रत्येक अर्भक दरमहा वेतन ठरवून खेड्यातील दाईकडे सोपवी. व्हीस्यूव्हिअसच्या पायथ्याच्या व आसपासच्या गावांतील शेतकरी व मजूर स्त्रियांना या वेतनाचा मोठा आधार होता. मूल मोठे झाल्यावर काही कुटुंबे त्याला ठेवून घेत व शेतात किंवा धंद्यात लावीत. त्या मुलाला सांभाळणाऱ्या घराचे आडनाव मिळत नसे. नोंदवहीतले नावच त्याच्यामागे राही. अशा रीतीने शहरात गोळा झालेले हे आडनाव पुन्हा भोवतालच्या प्रदेशात विखुरले गेले. आजचा आढळही याच्याशी जुळणारा आहे : नेपल्स, व्हीस्यूव्हिअसभोवतालची गावे व सोरेंतोचे द्वीपकल्प येथे त्याची दाटी असून उत्तरेकडे जावे तसे ते विरळ होत जाते. मिलान, तूरिन यांसारख्या औद्योगिक शहरांत ते विसाव्या शतकात दक्षिणेतून कामासाठी आलेल्या लोकांबरोबर गेले.

मुलींचा यात वाटा नाही. मोठ्या झालेल्या मुली संस्थेत शिवण, भरतकाम व घरकाम शिकत, त्यांच्या विवाहासाठी संस्था हुंडा देई आणि त्यांना ‘पवित्र मातेच्या मुली’ असे गौरवाने म्हणत. परंतु आडनाव पित्याकडून चालत असल्यामुळे त्यांच्या वंशजांत त्याचा मागमूस उरला नाही. अर्थात एस्पोझितो आडनाव नसलेल्या असंख्य नेपल्सवासी कुटुंबांची एखादी तरी पूर्वजा याच चक्रातून आलेली असणार.

यावरून हे उघड आहे, की एस्पोझितो आडनावाच्या दोन व्यक्तींमध्ये त्या नावामुळे कोणतेही नाते सिद्ध होत नाही. इतर मोठी आडनावेही अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उत्पन्न झालेली असतात. तथापि येथे प्रत्येक मूल स्वतंत्र आरंभ आहे. एकाच दिवशी, एकाच चक्रातून आलेली व एकाच ओळीत नोंदलेली दोन मुले परस्परांना पूर्ण परकी असत, आणि क्वचित सख्खी भावंडे असूनही ते कोणाला कळत नसे. उलटपक्षी, हे आडनाव धारण करणारी प्रत्येक व्यक्ती परित्यक्त अर्भकाचीच वंशज असे ठामपणे म्हणता येत नाही. काही जुन्या उदाहरणांत एस्पोझितो हे व्यक्तिनाम म्हणूनही आले असण्याची शक्यता आहे. बहुसंख्यांच्या बाबतीत मात्र वरील उपपत्ती निर्विवाद होय.

बंदी व तिचे परिणाम : ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदी ठेवणे प्रत्येक धर्मपीठावर बंधनकारक केल्यापासून कॅथलिक देशांत आडनावे स्थिर होऊ लागली आणि त्याबरोबर अर्भकालयातील मुलाच्या नावाचा शिक्काही कायमचा झाला. प्रौढपणी शिकाऊ उमेदवारी, विवाह, धर्मदीक्षा या प्रत्येक प्रसंगी त्याचे जन्मरहस्य नाव उच्चारताच उघड होई. नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून फ्रेंच पद्धतीची नागरी नोंदणी सुरू झाली व झोआकिम म्यूरा (कारकीर्द १८०८–१५) याच्या अमदानीत परित्यक्त मुलांना एस्पोझितो हे नाव देण्यास मनाई करण्यात आली. त्याच सुमारास, १८११ मध्ये, नेपोलियनने आपल्या साम्राज्यात ठिकठिकाणी चक्रे बसविण्याचा हुकूम काढला होता. मूल सोडण्याची सोय सरकारने वाढवावी व त्याच वेळी सोडल्याची खूण पुसून टाकावी, यातील विसंगती तत्कालीनांना फारशी जाणवलेली दिसत नाही.

बंदीनंतर नोंदणी अधिकाऱ्याला प्रत्येक मुलासाठी नवे आडनाव शोधणे प्राप्त झाले. मग महिने, वार, फुले, झाडे, शहरे, संत यांची नावे कामास आली. काही ठिकाणी वर्णानुक्रमाने याद्या करण्यात आल्या. काही अधिकाऱ्यांची कल्पनाशक्ती थट्टेच्या अंगाने चाले व त्यातून निघालेले विचित्र नाव मुलाला जुन्या नावाइतकेच जाचक ठरे. हा नियम गावोगावी सारख्याच काटेकोरपणे पाळला गेला असेही नाही. तथापि नावाचा मुख्य स्रोत आटला आणि तेव्हापासून एस्पोझितो हे इतर आडनावांप्रमाणे बापाकडून मुलाकडे येणारे नाव बनले. दोन-तीन पिढ्यांत ते इतके सामान्य झाले, की त्यातील बोच हळूहळू नाहीशी झाली. कायद्याने जे पूर्णतः साधले नाही ते वारंवारतेने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आन्नुन्त्सिआताचे चक्र १८७५ मध्ये बंद झाले. उत्तरेत फेर्रारा येथे १८६७ मध्ये व मिलान येथे १८६८ मध्ये चक्र बंद झाले होते. संपूर्ण इटलीत ही पद्धती १९२३ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. चक्र बंद झाल्यावरही नेपल्सच्या संस्थेत मुले स्वीकारली जात. फरक एवढाच, की ती आता समोरासमोर द्यावी लागत.

सदृश आडनावे : याच आडनावाची स्पोझितो, द’एस्पोझितो व बोलोन्याच्या परिसरातील देल्यी एस्पोस्ती ही रूपे आहेत. इतर शहरांत तेथील संस्थेच्या नावावरून वा चिन्हावरून वेगळी आडनावे घडली. रोममध्ये प्रोयेत्ती (फेकलेले) हे आडनाव मोठ्या प्रमाणावर आढळते. फ्लॉरेन्समध्ये ब्रूनेल्लेस्की याने १४१९ मध्ये बांधावयास घेतलेल्या ‘निष्पापांच्या रुग्णालया’वरून इन्नोचेंती, देल्यीन्नोचेंती, नोचेंतीनी ही आडनावे आली. या संस्थेत १४४५ मध्ये आलेल्या पहिल्या मुलीचे नाव आगाता स्मेराल्दा असे ठेवल्याची नोंद आहे. आंद्रेआ देल्ला रॉब्बिआ याने घडविलेली, दुपट्यात गुंडाळलेल्या बालकांची निळी-पांढरी शिल्पे तिच्या दर्शनी भागावर आहेत. सिएना येथील सांता मारीया देल्ला स्काला या रुग्णालयावरून देल्ला स्काला हे आडनाव काही मुलांना मिळाले. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तेथील मुले कोलोंबो झाली व लाँबर्डीत ते फार मोठे आडनाव ठरले. परंतु कोलोंबो हे नाव अन्यत्र टोपणनावावरून स्वतंत्रपणेही आलेले आहे. जेनोआच्या क्रिस्तोफोरो कोलोंबोचा, म्हणजे कोलंबसाचा, अर्भकालयाशी काही संबंध नाही. त्रोवातो (सापडलेला), वेंतूरा (दैव), दिओतालेवी (देव तुला वाढवो), कासादेई (देवाचे घर) या नावांबाबतही अशीच सावधगिरी हवी. मध्ययुगात त्यांपैकी काही शुभनामे आईबापच हौसेने ठेवीत.

स्पॅनिशमध्ये एक्सपोसितो हे आडनाव याच लॅटिन शब्दापासून व याच प्रथेतून निर्माण झाले. त्यामुळे अर्जेंटिनात मोठा घोटाळा होतो. तेथे ब्वेनस एअरीझ येथे व्हाइसरॉय व्हेर्तिस याने १७७९ मध्ये परित्यक्त बालकांचे गृह स्थापन केले व त्याच्या खर्चासाठी पुढील वर्षी एक छापखाना सुरू केला. ‘परित्यक्त बालकांचा छापखाना’ याच नावाने तो त्या देशाच्या मुद्रणेतिहासात प्रसिद्ध आहे. या गृहातील मुलांचे आडनाव आणि नेपल्सहून आलेल्या स्थलांतरितांचे आडनाव पुढे लेखनात एकमेकांत मिसळले. १८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सु. १ कोटी ४० लाख लोक देशाबाहेर गेले. त्यांत दक्षिणेकडील लोकांचा भरणा विसाव्या शतकाच्या प्रारंभी फार वाढला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्राझील येथे एस्पोझितो घराणी दिसतात ती या ओघातून.

या आडनावाच्या प्रसिद्ध व्यक्तींत आयर्लंडमध्ये दीर्घकाळ संगीताचे अध्यापन करणारा संगीतरचनाकार मीकेले एस्पोझितो (१८५५–१९२९), नेपल्सचे तत्त्वचिंतक रोबेर्तो एस्पोझितो (१९५०– ), बर्फावरील हॉकीचे कॅनडीय खेळाडू बंधू फिल (१९४२– ) व टोनी (१९४३–२०२१) आणि अमेरिकन अभिनेते जानकार्लो एस्पोझितो (१९५८– ) यांचा उल्लेख करता येईल. १८८९ मध्ये राणी मार्गेरीतासाठी तिच्या नावाचा पिझ्झा बनविल्याची कथा नेपल्सच्या राफाएले एस्पोझितो या पाककाराविषयी सांगतात. तिच्या तपशिलाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. हे नाव नेपल्समध्ये इतके सर्वसाधारण आहे, की विनोदी नाटकांत व चित्रपटांत सामान्य नेपल्सवासी दाखवावयाचा तर त्याचे आडनाव बहुधा हेच असते.

विसाव्या शतकात कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली. ओळखपत्रे व इतर दाखले यांवर आईबापांची नावे लिहिण्याची पद्धत १९५५ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली. तोपर्यंत अज्ञात पित्याच्या जागी लिहिली जाणारी ‘एन. एन.’ ही दोन अक्षरे जुन्या आडनावाचेच काम करीत होती. नागरी नोंदणीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे प्रसूत स्त्रीला रुग्णालयात आपले नाव न नोंदविण्याचा हक्क आहे. अशा मुलाला नाव व आडनाव नोंदणी अधिकारी देतो. त्या आडनावातून मुलाचा जन्म सूचित होता कामा नये, तसेच ते ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा त्या गावातील सुपरिचित घराण्याचे नसावे, असे बंधन आहे. मूल आपोआप पित्याचेच आडनाव घेते, हा सर्वसाधारण नियमही इटलीच्या संविधान न्यायालयाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

आन्नुन्त्सिआतामधील चक्र व त्यामागील खोली आज पाहावयास मिळते. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील अनेक जण आपली वंशावळ शोधीत नेपल्समध्ये येतात. पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत नागरी नोंदी साथ देतात. पुढे संस्थेच्या नोंदवहीत एक तारीख, मूल आले ती वेळ, कपड्यांचे वर्णन व बाप्तिस्म्याचे नाव सापडते. त्यामागे जाणारा दुसरा कागद सहसा नसतो.